परदेशातल्या युद्धाची बातमी नेमकी कुठे वाकते? पक्षपाताची कारणं शोधण्याची एक पद्धत

वर्तमानपत्र पक्षपाती वाटलं की लोक आधी मालक कोण ते बघतात, मग संपादक कुठल्या विचारांचा ते, आणि मग जाहिराती कुणाच्या. तिथे काही सापडतंही. पण परदेशातल्या संघर्षाची बातमी मालकापर्यंत पोचण्याच्या कितीतरी आधी वाकलेली असते. बातमीदाराला व्हिसा मिळाला होता का? तो सीमेच्या अलीकडे होता की पलीकडे? त्याचा फोन कुणी उचलला? डेस्कवर, म्हणजे कचेरीतल्या संपादनाच्या टेबलावर, कॉपी आली तेव्हा पान छपाईला सोडायला किती मिनिटं उरली होती? पुढची पद्धत या प्रश्नांवर उभी आहे. हातात पडलेल्या बातमीपासून सुरुवात करून ती आली कुठून, हे मागे मागे जात शोधायचं. पहिला तक्ता भरायला दोन-तीन तास लागतात, पुढचे भराभर होतात.

आधी सामान जमवा

एकच घटना निवडा. ‘युक्रेनचं युद्ध’ ही घटना नव्हे. ८ एप्रिल २०२२ ला पूर्व युक्रेनमधल्या क्रामातोर्स्कच्या रेल्वे स्टेशनवर पडलेलं क्षेपणास्त्र, ही घटना. ती निदान दोन-तीन महिने जुनी असावी, म्हणजे पहिल्या दिवशी काय छापलं आणि नंतर काय सिद्ध झालं हे शेजारी शेजारी ठेवता येतं. कालच्या घटनेवर हात बसत नाही. आपलंच डोकं अजून तापलेलं असतं.

चार वर्तमानपत्रं घ्या: लढणाऱ्या दोन्ही देशांतलं एकेक, या भांडणाशी संबंध नसलेल्या देशातलं एक, आणि तुम्ही रोज वाचता ते. पाचवी प्रत रॉयटर्स, एपी किंवा एएफपी यांपैकी एका वृत्तसंस्थेची त्याच दिवसाची मूळ बातमी. नवखे लोक ही पाचवी प्रत हमखास विसरतात आणि वृत्तसंस्थेचं माप वर्तमानपत्राच्या पदरात घालतात. परदेशी बातम्यांचा मोठा भाग या तीन संस्थांमधूनच येतो, विशेषतः ज्या वर्तमानपत्राचा परदेशात स्वतःचा माणूस नाही त्याच्याकडे.

सलग सात दिवसांचे अंक घ्या. छापील अंक किंवा ई-पेपरच वापरा, कारण वेबसाइटवरची बातमी दिवसभरात चार वेळा बदलते आणि आधीचं रूप पुसलं जातं. वेबसाइटच घ्यावी लागली तर वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवणारी साइट) जुनी रूपं मिळतात का बघा आणि प्रत्येक रूपापुढे वेळ लिहा. अग्रलेख आणि लेख बाजूला काढा. बाजू घेणं हेच त्यांचं काम आहे, ते बातम्यांच्या ढिगात मिसळले की सगळी मोजदाद बिघडते.

तक्त्यात नऊ रकाने आखा: तारीख, पान, डेटलाइन (बातमी जिथून पाठवली ते ठिकाण), बायलाइन (बातमीदाराचं नाव), पहिल्या पाच परिच्छेदांत कोण बोलतं, मथळ्याचा कर्ता आणि क्रियापद, आकडे आणि ते कुणी दिले, पार्श्वभूमी कुठल्या सालापासून, आणि नंतर दुरुस्ती आली का. शेवटचा रकाना आत्ता रिकामा सोडा.

पायरी १: बातमीदार उभा कुठे होता

सगळ्यात आधी डेटलाइन वाचा. लढाई एका देशात आणि डेटलाइन शेजारच्या देशाच्या राजधानीची, तर ती बातमी पत्रकं, फोन आणि व्हिडिओ यांवर उभी आहे. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही, पण ज्याची पत्रकं वेळेवर येतात त्याचा आवाज तिच्यात मोठा असणार.

बातमीदार प्रत्यक्ष रणभूमीवर असेल तर त्याला तिथे कुणी नेलं ते बघा. १९८२ च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाबरोबर तीसेक बातमीदार गेले, सगळे ब्रिटिश. बातम्या जायच्या त्या लष्कराच्याच संदेशयंत्रणेतून, लष्करी नजरेखालून. काही चित्रफिती लंडनला पोचायला दोन-तीन आठवडे लागले. १९९१ च्या आखाती युद्धात मोजक्या बातमीदारांचे गट करून त्यांचा मजकूर सगळ्यांना वाटला गेला. २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला तेव्हा सहाशेहून अधिक बातमीदार थेट सैन्याच्या तुकड्यांमध्ये बसवले गेले. त्यांनी लिहिलेलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. अडचण अशी की सगळं एकाच गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं होतं, आणि पाणी, जेवण, जीव, तिन्ही त्या गाडीतल्या सैनिकांच्या हाती होतं. अशा बातम्यांत ‘आम्ही पुढे सरकलो’, ‘आमच्यावर गोळीबार झाला’ अशी वाक्यं शोधा. ‘आम्ही’त कोण कोण येतं ते मोजलं की कारण कागदावर येतं.

दुसरा प्रकार दार बंद असण्याचा. नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाच्या टिग्रे प्रांतात लढाई पेटली आणि फोन, इंटरनेट तोडले गेले. बातमीदारांना वाट नाही, आतून आवाज नाही, आणि त्या प्रमाणात पानंही रिकामी. गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी बातमीदारांना स्वतंत्रपणे जाऊ दिलं नाही, लष्कराबरोबर मोजक्या फेऱ्या तेवढ्या झाल्या. आतलं वार्तांकन स्थानिक पॅलेस्टिनी पत्रकारांवर पडलं. अशा वेळी बायलाइनमध्ये दोन नावं दिसतात, एक बाहेरच्या शहरातलं आणि एक आतलं. आतल्या माणसाची वाक्यं बातमीत कितव्या परिच्छेदात येतात, ते टिपा.

तिसरा प्रकार सगळ्यात अवघड, कारण त्यात सक्ती दिसत नाही. न्यूयॉर्क टाइम्सचे मॉस्कोतले बातमीदार वॉल्टर ड्युरांटी यांना १९३२ मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. १९३३ च्या मार्चअखेरीस गॅरेथ जोन्स या तरुण वेल्श पत्रकाराने युक्रेनमध्ये पायी फिरून पाहिलेल्या दुष्काळाबद्दल जाहीरपणे सांगितलं. ड्युरांटींनी ३१ मार्चला त्याचं खंडन छापलं: लोक भुकेले आहेत, पण उपासमारीने मरत नाहीत, असा त्याचा सूर होता. त्याच वेळी मॉस्कोत काही ब्रिटिश अभियंत्यांवरचा खटला तोंडावर आला होता. त्याच्या बातम्या पाठवायच्या तर सेन्सॉरशी बिघडवून चालणार नव्हतं, असं तिथल्याच एका बातमीदाराने पुढे लिहून ठेवलं. राहण्याची परवानगी, मोठ्यांच्या भेटी, उद्याची बातमी हे सगळं एकाच खिडकीतून मिळत असेल तर त्या खिडकीला दुखावलं जात नाही. हे कारण एका बातमीत सापडत नाही. त्याच बातमीदाराच्या सहा महिन्यांच्या बातम्या काढून, यजमान सरकारला न आवडणारी किती निघाली ते मोजावं लागतं.

स्थानिक मदतनीस, दुभाषे, स्ट्रिंगर (बातमीमागे पैसे घेणारे स्थानिक बातमीदार) यांचं नाव छापलं जातच असं नाही. परदेशी बातमीदार परत जातो, त्यांचं कुटुंब तिथेच राहतं. त्यांनी कुठला प्रश्न विचारायचं टाळलं, हे पानावर कधीच उमटत नाही.

पायरी २: कोण बोलतं, कितव्या परिच्छेदात

पहिल्या पाच परिच्छेदांतलं प्रत्येक ‘म्हणाले’, ‘सांगितलं’, ‘स्पष्ट केलं’ अधोरेखित करा. त्यापुढे वर्ग लिहा: वर्तमानपत्राच्या देशाचं किंवा मित्रदेशाचं सरकार, विरुद्ध बाजूचं सरकार वा गट, संयुक्त राष्ट्रं किंवा रेडक्रॉससारखी संस्था, साधी माणसं, आणि निनावी ‘सूत्र’. विरुद्ध बाजूचं पहिलं वाक्य कितव्या परिच्छेदात येतं तो आकडा वेगळा लिहा. छापील बातमी जागा कमी पडली की खालून कापली जाते, त्यामुळे अकराव्या परिच्छेदातलं वाक्य दुसऱ्या आवृत्तीत असेलच याची खात्री नाही.

इथे एक कारण वारंवार सापडतं, आणि ते बातमीदारांच्या मनातल्या आकसापेक्षा कितीतरी मोठं आहे. लान्स बेनेट या अभ्यासकाने १९९० मध्ये ते मांडलं: आपल्या देशातल्या सत्तेच्या वर्तुळात जेवढा मतभेद असतो, तेवढाच मतभेद पानावर दिसतो. विरोधी पक्षाने प्रश्न विचारला की बातमीदाराला टीका छापायला आधार मिळतो. दोन्ही पक्ष एक झाले की टीकेला बातमीत जागाच उरत नाही. उदाहरण व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखाताचं घ्या. ४ ऑगस्ट १९६४ ला अमेरिकी युद्धनौकांवर दुसरा हल्ला झाल्याचं सरकारने सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी ते घडल्यासारखंच छापलं. तीनच दिवसांत प्रतिनिधिगृहाने ४१६ विरुद्ध ०, सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे नंतर स्पष्ट झालं. पण ४१६ विरुद्ध शून्य असताना वॉशिंग्टनमधल्या बातमीदाराने विरोधी वाक्य आणायचं कुणाकडून?

तपासायची रीत सोपी आहे. सात दिवसांत त्या देशाच्या संसदेत काय बोललं गेलं ते एका ओळीत लिहा आणि स्रोतांच्या रकान्याशी ताडून बघा. संसदेतला मतभेद आणि पानावरची टीका बरोबर वरखाली होत असतील तर कारण तुमच्या हातात आहे.

दुसरा सापळा ‘दोन स्रोतां’चा. इराकच्या कथित महासंहारक शस्त्रांच्या बातम्या २००२-०३ मध्ये आल्या त्यांत अनेकदा एक परागंदा इराकी आणि एक अमेरिकी अधिकारी असे दोन स्रोत दिसत. अधिकाऱ्याची माहितीही पुष्कळदा त्याच परागंदा मंडळींकडून आलेली असे. म्हणजे माणूस एकच, आरसे दोन. न्यूयॉर्क टाइम्सने पुढे २६ मे २००४ ला स्वतःच्या वार्तांकनाबद्दल खुलासा छापला त्यात हेच दुखणं मान्य केलं आहे. म्हणून प्रत्येक स्रोतापुढे एक प्रश्न लिहा: याला हे कळलं कुठून? उत्तर बातमीत नसेल तर ‘अज्ञात’ लिहा, अंदाज करू नका.

स्रोताचा स्वार्थ सांगितला आहे का, तेही बघा. १० ऑक्टोबर १९९० ला ‘नायिरा’ एवढंच नाव सांगणाऱ्या १५ वर्षांच्या कुवेती मुलीने अमेरिकी काँग्रेस सदस्यांपुढे साक्ष दिली, की इराकी सैनिकांनी इस्पितळातल्या अर्भकांना काचपेटीतून काढून फरशीवर टाकलं. ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची मुलगी होती आणि त्या मोहिमेमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी काम करत होती, हे जानेवारी १९९२ मध्ये छापून आलं. तोवर युद्ध होऊन गेलं होतं.

पायरी ३: मथळा, कर्ता आणि क्रियापद

मथळा बातमीदार लिहीत नाही, डेस्कवरचा उपसंपादक लिहितो. त्यामुळे मथळा आणि मजकूर यांची झाडाझडती वेगवेगळी घ्यायची.

मराठीत एकाच घटनेचे चार मथळे बघा. ‘लष्कराने चाळीस जणांना ठार मारले.’ ‘लष्कराच्या हल्ल्यात चाळीस ठार.’ ‘हल्ल्यात चाळीस ठार.’ ‘चाळीस जणांचा मृत्यू.’ कर्ता एकेक पायरी खाली उतरत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. चौथ्यात तर अपघातही बसू शकतो. मराठीत कर्ता न सांगता वाक्य अगदी सहज पूर्ण होतं, त्यामुळे हे वाचणाऱ्याला खटकतसुद्धा नाही. तक्त्यातल्या प्रत्येक मथळ्यात कर्ता असेल तर गोल करा, नसेल तर फुली मारा.

फुली दिसली म्हणून लगेच पक्षपात म्हणू नका. रात्री साडेअकराला हल्ला कुणी केला हे खरंच कुणाला माहीत नसतं, एका कॉलमच्या मथळ्यात तीनच शब्द बसतात, किंवा संपादकाला जबाबदारी घ्यायची नसते. कसोटी अशी: तेवढीच अनिश्चितता असताना दुसऱ्या बाजूच्या हल्ल्याच्या मथळ्यात कर्ता येतो का? तिथे येत असेल आणि इथे विरघळत असेल, तर काहीतरी आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या अल-अहली इस्पितळात स्फोट झाला तेव्हाचे न्यूयॉर्क टाइम्सच्या वेबसाइटवरचे मथळे या पायरीसाठी नमुना म्हणून वापरा. पहिल्या मथळ्यात इस्रायली हल्ल्यात शेकडो ठार, असं पॅलेस्टिनी सांगतात, असा अर्थ होता. पुढे ‘इस्रायली’ गेलं आणि ‘हल्ला’ राहिला. त्यानंतर ‘हल्ला’ जाऊन ‘स्फोट’ आला. ‘पॅलेस्टिनी सांगतात’ हे शब्द तिन्ही वेळा होते, पण वाक्याच्या शेपटाला. २३ ऑक्टोबरला संपादकांनी लिहिलं की सुरुवातीच्या रूपांनी हमासच्या दाव्यावर जास्त भिस्त ठेवली. इस्रायल आणि अमेरिकेने पॅलेस्टिनी गटाच्या भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवलं, पॅलेस्टिनी गटांनी ते नाकारलं. इथे कारण शोधताना लक्षात घ्या, हा मथळा ज्या दिशेला वाकला त्याच्या उलट दिशेला वाकल्याचा आरोप त्याच वर्तमानपत्रावर इतर वेळी होत आला आहे. म्हणजे या ठिकाणी घाईचा वाटा धोरणापेक्षा मोठा असू शकतो. मथळ्याच्या तिन्ही रूपांची वेळ लिहिली असेल तरच असं म्हणता येतं.

उलट उदाहरण घाई नसतानाचं. १ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं मेली. ३ जुलै १९८८ ला अमेरिकी युद्धनौका व्हिन्सेन्सने इराण एअरचं ६५५ पाडलं, २९० मेली. दोन्ही वेळा नागरी विमान लष्कराने पाडलेलं. न्यूजवीक साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर पहिल्या वेळी ‘हवेतला खून’ अशा अर्थाचे शब्द होते आणि दुसऱ्या वेळी ‘हे का घडलं’. माध्यमांचे अभ्यासक रॉबर्ट एंटमन यांनी १९९१ मध्ये या दोन घटनांचं अमेरिकी वार्तांकन शेजारी ठेवून दाखवलं की एकीला नैतिक गुन्ह्याची चौकट मिळाली आणि दुसरीला तांत्रिक चुकीची. शिकाऊ माणसाने हीच रीत उचलावी: सारखी कृती, वेगळा कर्ता, तेच वर्तमानपत्र. दुसऱ्या कुठल्याही तुलनेपेक्षा या तुलनेत पक्षपात स्वच्छ दिसतो.

नामांची यादीही करा. सरकार की राजवट, बंडखोर की दहशतवादी, ओलीस की कैदी. ‘प्रत्युत्तर’ या शब्दाभोवती तर लाल वर्तुळच काढा, कारण सुरुवात कुणी केली याचा निकाल तो एकटा देऊन टाकतो. एका बाजूचे सैनिक ‘शहीद’ होतात आणि दुसऱ्या बाजूच्यांना ‘कंठस्नान’ घातलं जातं, तिथे तर शोधायचंही काही उरत नाही.

मराठी अंक तपासत असाल तर भाषांतराचा एक वेगळा रकाना जोडा. वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी डेस्कवर भराभर मराठीत येते आणि त्यात ठरावीक गोष्टी सांडतात. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे मृत आणि जखमी मिळून. ते ‘ठार’ झालं की आकडा एका फटक्यात फुगतो. ‘दावा केला’चं ‘सांगितलं’ होतं आणि मथळ्यात तेही जातं. ‘स्ट्राइक’ तोफेचा असो, क्षेपणास्त्राचा असो की ड्रोनचा, छापून येतो ‘हवाई हल्ला’. मिलियनचे लाख करताना एक शून्य गळतं किंवा वाढतं. हा पक्षपात नव्हे, निष्काळजीपणा आहे. पण तो आधी वेगळा काढला नाही तर तुमचा निष्कर्ष त्याच्यावरच उभा राहील.

पायरी ४: आकडा कुणाचा

प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: कुणी मोजला, कधी, आणि त्यात कोण कोण धरलं आहे. पहिल्या दिवसाचा आकडा क्वचितच टिकतो. डिसेंबर १९८९ मध्ये रोमानियातल्या टिमिशोआरा शहरात हजारो माणसं मारल्याचं जगभर छापून आलं. नंतर त्या शहरातले मृत शंभराच्या आत निघाले, आणि पुरावा म्हणून दाखवलेले काही मृतदेह गरिबांच्या दफनभूमीतून उकरलेले होते. एप्रिल २००२ मध्ये वेस्ट बँकमधल्या जेनिनच्या निर्वासित छावणीत शेकडो मेल्याच्या बातम्या आल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात निश्चित झालेले पॅलेस्टिनी मृत ५२ होते आणि इस्रायली सैनिक २३. दोन्ही ठिकाणी बाहेरच्यांना आत जाता येत नव्हतं किंवा उशिरा आलं. आकडा फुगण्याचं कारण पुष्कळदा पहिल्या पायरीतच सापडतं, ते असं.

आता विशेषणं बघा. ‘हमासच्या नियंत्रणाखालील आरोग्य मंत्रालय’ हे शब्द खरे आहेत. पण समोरच्या आकड्यापुढे ‘लढाईत सहभागी असलेलं लष्कर’ असं कुणी लिहितं का? एका आकड्याला शेपूट आणि दुसऱ्याला नाही, हे तक्त्यात लगेच दिसतं. आकड्यावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न मात्र जुन्या हिशेबाने सोडवा. २०१४ च्या गाझा युद्धात त्या मंत्रालयाने २३१० मृत सांगितले, संयुक्त राष्ट्रांनी २२५१, इस्रायलने २१२५. एकूण आकड्यांत फार अंतर नव्हतं. खरा वाद त्यांत लढवय्ये किती आणि सामान्य माणसं किती याचा होता. बातमीत तो वाद आहे का, की नुसताच एकूण आकड्यावर संशय आहे?

पायरी ५: गोष्ट कुठल्या तारखेपासून

प्रत्येक मोठ्या बातमीच्या तळाशी दोन-तीन वाक्यांची पार्श्वभूमी असते. तिच्यातली सगळ्यात जुनी तारीख लिहा. युक्रेनची गोष्ट फेब्रुवारी २०२२ पासून सांगितली, की २०१४ मध्ये क्रिमिया घेतला तेव्हापासून? गाझाची ७ ऑक्टोबर २०२३ पासून, २००७ च्या नाकेबंदीपासून, १९६७ च्या युद्धापासून की १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं तेव्हापासून? ‘बरोबर’ तारीख शोधायच्या भानगडीत पडू नका. चारही वर्तमानपत्रांच्या तारखा शेजारी मांडा, एवढंच. हा परिच्छेद बहुधा एकदा लिहिला जातो आणि महिनोन्महिने तसाच चिकटवला जातो, म्हणून त्यात वाकलेलं वाक्य फार काळ जगतं.

पार्श्वभूमी तारखेऐवजी एका विशेषणावर भागवली असेल तर जास्त सावध व्हा. ६ एप्रिल १९९४ ला रवांडाच्या अध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या साधारण शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. पहिल्या आठवड्यांतल्या अनेक पाश्चात्त्य बातम्यांनी त्याला टोळ्यांचं जुनं वैर, अराजक असं म्हटलं. याद्या तयार होत्या, हत्यारबंद तुकड्या आधीपासून प्रशिक्षित होत्या, रेडिओवरून चिथावणी दिली जात होती. हे सगळं संघटित होतं. ते न दिसण्याची कारणं साधी: देशात कायमचे परदेशी बातमीदार जवळजवळ नव्हते, नैरोबी किंवा जोहान्सबर्गमध्ये बसून एकेक जण डझनभर देश सांभाळत होता, आणि एप्रिलच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत पहिली सर्ववंशीय निवडणूक होती. बातमीदारांचा ताफा तिकडे होता.

पायरी ६: जी बातमी नाहीच

फोटो आणि नकाशे पटकन उरका: चेहरा दिसणारं प्रेत कुठल्या बाजूचं, नाव-वय-शाळा सांगितलेला मृत कुठल्या बाजूचा, एवढं टिपलं तरी पुरे.

वेळ द्या तो गैरहजेरीला. दुसऱ्या काँगो युद्धामुळे आणि त्यानंतरच्या परिस्थितीमुळे १९९८ ते २००७ या काळात ५४ लाख जादा मृत्यू झाले असा अंदाज इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटीने जानेवारी २००८ मध्ये दिला. त्यातले बहुतेक गोळीने नव्हे, आजार आणि उपासमारीने. या आकड्यावर अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत, तो अर्ध्यावर आणला तरीही त्याला मिळालेली जागा बघून आश्चर्य वाटतं. मोजण्यासाठी एका महिन्याचे अंक घ्या आणि दोन संघर्षांना मिळालेली जागा पट्टीने कॉलम-सेंटिमीटरमध्ये मोजा, पहिलं पान वेगळं धरून.

गाल्टुंग आणि रुगे या नॉर्वेजियन अभ्यासकांनी १९६५ मध्ये काँगो, क्युबा आणि सायप्रसच्या बातम्या चार नॉर्वेजियन वर्तमानपत्रांतून तपासल्या आणि परदेशी घटना बातमी होण्याचे बारा निकष काढले. त्यांतले चार कामाला पुरेत: घटना अचानक घडते का, बडं राष्ट्र त्यात आहे का, बडी माणसं आहेत का, आणि वाचकाला ती आपल्यासारखी माणसं वाटतात का. काँगोतला हळूहळू होणारा मृत्यू चारही चाळण्यांतून खाली पडतो. त्यात विमा, चिलखत, गाडी, दुभाषा यांचा खर्च मिळवा. संपादकाला वेगळं कारस्थान करावं लागत नाही.

पायरी ७: खूण आणि कारण जुळवणं

तक्ता भरला की मग कारणांना नाव द्या.

वृत्तसंस्थेच्या कॉपीतच वाकडेपणा आहे आणि चारही ठिकाणी तसाच उतरला, तर कारण पुरवठ्यात आहे. मजकूर सरळ पण मथळा वाकडा, तर डेस्क. पहिल्या दिवशी वाकडं आणि तिसऱ्या दिवशी सरळ, तर घाई. संसदेतल्या मतभेदाबरोबर टीका वरखाली होते, तर अधिकाऱ्यांवरचं अवलंबन. राजधानीतून येणारं सगळं मऊ आणि बाहेरून येणारं कडक, तर प्रवेशाची भीती. सगळी वर्तमानपत्रं एकाच दिवशी एकच शब्द वापरू लागली, तर कायदा बघा: ४ मार्च २०२२ च्या रशियन कायद्याने लष्कराबद्दल ‘खोटी माहिती’ देण्यासाठी १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला, आणि तिथे ‘युद्ध’ हा शब्दच धोक्याचा झाला. हे सगळं वजा जाऊन वर्षानुवर्षं एकाच दिशेचा कल उरला, तरच मालक, धोरण, विचारसरणी यांच्याकडे वळा.

आणखी एक कारण या यादीत नीट बसत नाही: इच्छा. लिपमन आणि मेर्झ या अमेरिकी पत्रकारांनी १९२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या रशियन क्रांतीच्या सुमारे तीन वर्षांच्या बातम्या तपासल्या. बोल्शेविक सत्ता कोसळत आली आहे किंवा कोसळली आहे, असं ९१ वेळा छापलं गेलं होतं. कुणी पैसे दिले नव्हते. लिहिणाऱ्यांना आणि छापणाऱ्यांना तसं व्हावंसं वाटत होतं. हे शोधायचं तर भाकितं मोजा आणि त्यांतली किती खरी ठरली ते पुढे लिहा.

नवख्यांचं हमखास चुकतं ते इथे

स्वतःच्या डोळ्यावर भरवसा ठेवणं, ही पहिली चूक. १९८५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८२ च्या बैरुतमधल्या पॅलेस्टिनी छावण्यांतल्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक, दोन्ही गटांना दाखवल्या. दोघांनाही त्या आपल्याच विरुद्ध वाटल्या. म्हणून तक्ता एकट्याने भरू नका. ज्याची सहानुभूती तुमच्या उलट आहे अशा माणसाला त्याच दहा बातम्या द्या, वर्तमानपत्रांची नावं झाकून. दहापैकी आठापेक्षा कमी ठिकाणी तुमच्या नोंदी जुळल्या तर दोष तुमच्या रकान्यांच्या व्याख्येत आहे. त्या घट्ट करा आणि पुन्हा भरा.

दुसरी चूक म्हणजे समान जागेलाच न्याय समजणं. एका बाजूने वीस हल्ले केले आणि दुसऱ्याने दोन, तर बातम्या वीस आणि दोनच यायला हव्यात. आणि ‘दोन्ही बाजू आमच्यावर चिडतात, म्हणजे आम्ही मधोमध आहोत’ हे संपादकांचं आवडतं वाक्य पुरावा म्हणून लिहू नका. दोन्ही बाजू चुकीच्या बातमीवरही चिडतात.

आता तो रिकामा ठेवलेला शेवटचा रकाना. सहा महिन्यांनी तक्ता पुन्हा काढा आणि दुरुस्ती आली का, किती शब्दांची, कुठल्या पानावर, ते भरा. मूळ बातमीचा पान क्रमांक दुसऱ्या रकान्यात आहेच. न्यूयॉर्क टाइम्सच्या त्या इराकच्या बातम्यांपैकी कितीतरी पहिल्या पानावर झळकल्या होत्या. २६ मे २००४ चा खुलासा दहाव्या पानावर होता.